न जाळलेला तुकडा

राजारामपुरी, कोल्हापूर
१० फेब्रुवारी २०२५

ती. अण्णांस,
सविनय जयभीम. वि. वि. फोनवर तुम्ही निम्मंच ऐकता आणि सगळ्याला व्हय म्हणता, म्हणून लिहिते. नेसरीच्या डोंगरावर फॉरेस्टच्या जमिनीत मी अभ्यासाला घेतलेला गवताचा तुकडा पाच वर्षं जळलेला नाही. वणवा लागला नाही तर कोणतं गवत टिकतं, यावर माझा सगळा प्रबंध उभा आहे. शेवटची मोजणी १५ मार्चला. तोवर त्याला झळ लागता कामा नये. खालून वणवा आलाच, तर तुकड्याबाहेरचं गवत आधी जाळून पट्टा मोकळा करा. एरवी तुम्ही काडी ओढली की मी ओरडते, यंदा मुभा!
आईचा खोकला कळवा. माया आहेच, ती राहू दे.
आपली,
क्रांती

नेसरी
२७ फेब्रुवारी

चि. क्रांतीस,
जयभीम व आशीर्वाद. मंगळवारी दुपारी खालनं वणवा आला. मी आन् शेजारच्या पिराजीनं पट्टा जाळला. आग तिथं येऊन उपाशी मेली. तुझा तुकडा जसाच्या तसा हाय. माझ्या भुवया तेवढ्या गेल्या. आई म्हणती, कपाळ आता मोठं दिसतंय.
पर अमरसिंह गार्डानं माझ्या हातात काडेपेटी बघितली. डोंगर तू पेटवलास काय, म्हणाला. ह्या खेपेला नीट ऐकून व्हय म्हटलं. तुला फॉरेस्टची मोजायची परवानगी हाय, जाळायची न्हाय. तुझं नाव निघालं तर पाच वर्सं गेली की. सोमवारी जबाबावर सही करायला बोलावलंय. तुझं पत्र चुलीत घातलं. सोमवारी तू येऊ नगंस. पंधराला येऊन मोजणी कर. खोकला बरा हाय.
तुझा,
अण्णा

राजारामपुरी
१ मार्च

ती. अण्णांस,
सविनय जयभीम. काल आपल्या शेजारच्या प्रीतीनं नेसरीहून येताना पत्र आणून दिलं; आज ती परत निघाली आहे, तिच्याच हाती हे पाठवते. पुरावाच चुलीत घातलात! आणि खरं सांगते, तुम्ही सगळं अंगावर घ्याल, मी मोजणी उरकून घेईन, असं क्षणभर माझ्याही मनात आलं. त्याची कालपासून लाज वाटते आहे.
सोमवारी मी पहिल्या एसटीनं येते. तोवर कशावरही सही करू नका. जळालेलं पुन्हा लिहिते: वणवा आल्यास पट्टा जाळा, असं मीच १० फेब्रुवारीला वडिलांना कळवलं होतं. त्यांनी लावलेली आग तेवढीच. परवानगी काढून घ्यायची तर माझी घ्यावी.
हे अमरसिंहांना दाखवा. लोभ आहे, म्हणून एकच विनंती: हे पत्र तरी चुलीत घालू नका.
आपली,
क्रांती आकाराम कांबळे