अर्ध्या स्वराने चढलेलं गाणं

४ मार्च

ती. मामास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. त्यात मामीचा गुडघा आहे, नव्या गिऱ्हाइकाची कवळी आहे, शेजारच्या मांजराची बाळंतपणं आहेत. माझ्या प्रश्नाचं उत्तर तेवढं नाही. फोनवर तू ऐकत नाहीस, नुसता बोलतोस, म्हणून पुन्हा लिहिते.

आपल्या लाडक्या बँडचा जुना साउंडवाला चाहत्यांनी कार्यक्रमात बसून केलेल्या रेकॉर्डिंगचा संच काढतो आहे. एका गाण्याचं एकच रेकॉर्डिंग. ‘पाण्याखालचा रस्ता’ची निवड त्याने माझ्यावर सोपवली आहे आणि वीस तारखेच्या आत ती त्याच्या हातात हवी. हे गाणं ते कधीच दोनदा सारखं वाजवत नाहीत, त्यामुळे एकोणचाळीस रेकॉर्डिंगं ऐकावी लागली. दोन उरली : कुणा परक्याने केलेलं जुन्या थिएटरातलं, आणि तू केलेलं मैदानावरचं. थिएटरातलं अकराच मिनिटांचं, पण मधे कीबोर्डवाला एक स्वर इतका धरून ठेवतो की ड्रमवालाही हात थांबवतो. मला ते आवडतं. पण ऐकायला मी तुझ्याच कामाच्या टेबलाखाली बसून शिकले, त्यामुळे तुझ्याविरुद्ध मत द्यायला धीर होत नाही. एवढंच सांग, त्या दिवशी रेकॉर्डरमध्ये बॅटऱ्या नव्या होत्या ना?

लोभ आहेच, या खेपेस उत्तरही असावं.
तुझी भाची

९ मार्च

चि. शंकाबाईस अनेक आशीर्वाद.

थिएटरातलं? अगं, ते ऐकणं म्हणजे दवाखान्यात आपला नंबर कधी येतो म्हणून बसून राहणं. मैदानावर शेवटच्या चार मिनिटांत ते जे सुटलेत, तसे जन्मात पुन्हा सुटले नाहीत. वेग चढत जातो, चढत जातो, माझ्या हातातली कानस कवळीवर आपोआप जोरात चालायला लागते. दोन दात त्यापायी फुकट गेलेत, तरी कॅसेट बदलली नाही. आणि तू बॅटऱ्यांचं काय घेऊन बसलीस? लहानपणी भाताचं शीतसुद्धा दोन्ही बाजूंनी तपासून खायचीस, ती सवय अजून गेलेली दिसत नाही. मैदानावरचं पाठव आणि मोकळी हो. मामी विचारते, नीट जेवतेस ना?

तुझा मामा

१३ मार्च

ती. मामास,
सा. न. वि. वि.

हे पत्र मी तीनदा फाडलं आहे. रागावू नकोस म्हणणार नाही, कारण रागावशीलच.

तुझं रेकॉर्डिंग मी आमच्या वाद्यांच्या दुकानात नेऊन, पियानो सुरात लावायच्या यंत्राला जोडून पाहिलं. सुरुवात बरोबर आहे. अठराव्या मिनिटापासून सगळंच हळूहळू वर सरकतं आणि शेवटी जवळजवळ अर्धा स्वर चढलेलं असतं. गिटारच्या तारा बिघडू शकतात. कीबोर्ड आपोआप चढत नाही. म्हणजे रेकॉर्डरची टेप हळू फिरत होती, म्हणून आता नेहमीच्या वेगाने ऐकताना ते पळतात. मामा, ते सुटले नव्हते. बॅटऱ्या उतरल्या होत्या.

मामीला फोन केला. ती म्हणाली की नव्या बॅटऱ्या तू दाढीच्या मशीनमध्ये घातल्यास, गिटारवाल्याने वाढलेली दाढी बघितली तर काय म्हणेल म्हणून. रेकॉर्डरमध्ये टॉर्चमधल्या गेल्या. हे सांगताना ती इतकी हसली की मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

वेग सरळ करून कॅसेट सोबत पाठवते. एकदा ऐक आणि मग मी काय करू ते सांग.

तुझी, पण खोटं न बोलणारी,
भाची

१५ मार्च

चि. भाचीस,

बावीस वर्षं मी हे गाणं ऐकतो आहे आणि आता यंत्र मला सांगणार? कॅसेट ऐकणार नाही. तुला हवं ते कर. मामीशीही मी बोलत नाही.

मामा

१८ मार्च

ती. मामास,
सा. न. वि. वि.

आज मैदानावरचं पाठवून दिलं. तुझं, जसंच्या तसं, वेगाबद्दल एक अक्षरही न लिहिता. खाली तुझं नाव घातलं. तू मामीशी बोलायला लाग. मला मुळीच बरं वाटलेलं नाही, पण तुझं ते दोन ओळींचं पत्र समोर ठेवून मला दुसरं काही सुचेना.

तुझी भाची

१८ मार्च

चि. शंकाबाईस अनेक आशीर्वाद.

ऐकली. एकदा नाही, सहा वेळा, दाराला कडी लावून. चांगलं वाजवलंय, पण दमलेत बिचारे. ते पेटलेत असं मी किती जणांना शपथेवर सांगितलं! कवळी बसली नाही तर मी गिऱ्हाइकाच्या हिरड्यांना दोष देत नाही. मग तुझ्या कानांना कशाला देऊ? नंतर थिएटरातलं लावलं. तो कीबोर्डवाला थांबतो तिथे माझीही कानस थांबली. हे लिहायला मला फार जड गेलं, त्यामुळे पुन्हा लिहायला लावू नकोस. तेच पाठव. माझं पाठवू नकोस.

मामा

२४ मार्च

ती. मामास,
सा. न. वि. वि.

आपली पत्रं वाटेत एकमेकांना चुकवून गेली. तुझं हातात पडलं तेव्हा तारीख उलटली होती. तीन दिवस आधी लिहिलं असतंस तर! आणि मी पाठवायची घाई केली नसती तर! कुणावर चिडावं तेच कळत नाही, म्हणून दोघांवर चिडले आहे.

साउंडवाल्याचं पत्र आलं. तो म्हणतो, आम्ही इतके पेटून कधी वाजवलं हे मलाच आठवत नाही, तुझ्या मामाला माझा सलाम. दोन दिवस ते पत्र माझ्या पिशवीत दगडासारखं होतं.

आज त्याला सगळं खरं लिहिलं. दाढीचं मशीन, टॉर्च, अर्धा स्वर, आणि मी गप्प बसले तेही. थिएटरातलं रेकॉर्डिंग सोबत जोडलं. तो आता ते घेईल, की गाणंच वगळेल, की मला या कामातून काढेल, सांगता येत नाही. तुझं नाव संचात येणार नाही एवढं नक्की.

मशीनचं आणि टॉर्चचं त्याला सांगण्याआधी तुला विचारायला हवं होतं. नाही विचारलं. ते पाकीट सकाळीच टपालात टाकलं आणि मग हे पत्र लिहायला बसले.

रागावलास तरी पत्र पाठव.
तुझी भाची