समुद्राला लावलेली वाघर

आबा, गेल्या महिन्यात मी तुमच्या जागेवर जाऊन आले. ठरवून नाही, कामानं. कोकणात एका जहाजातून तेल सांडलं आणि आमच्या कारखान्याचा माल घेऊन मला तिकडं पाठवलं. परत आल्यापासून रोज कामाला जाते, डबा करते, जुळे सोलापुरातल्या या फ्लॅटच्या गॅलरीत कपडे वाळत घालते. कुणी विचारलं, काम कसं झालं, तर बरं झालं म्हणते. खरंच बरं झालं. पण दातवाल्यानं सुई टोचल्यावर गाल बधिर होतो ना, तसं आतून काहीतरी झालंय. हात लावला तर आपलाच आहे हे कळतं, एवढंच. तुमच्या काळी दातवाला नव्हता, कडुलिंबाची काडी होती, त्यामुळं तुम्हाला हे कळायचं नाही. वाचताही येत नव्हतं तुम्हाला, म्हणून अक्षर कसंही आलं तरी लिहिते आहे.

मी काय करते ते आधी सांगते. आमच्या कारखान्यात पूर्वी चादरींचे माग होते. ते गेले, आता तिथं लोकर पिंजून जाळीच्या लांबच लांब पिशव्यांत ठासतात. मांडीएवढी जाड वळकटी होते, तिला बूम म्हणतात. कुंभारीहून रिक्षानं येणाऱ्या बायका आपसात तेलुगूत गप्पा मारत त्यांची तोंडं शिवतात. पाण्यावर तेल सांडलं की ही वळकटी त्यावर सोडायची. लोकर तेल पिते, पाण्याला सहसा तोंड लावत नाही. लोकर म्हणजे आपलीच, काळी, भरड. घोंगडी कुणी घेईना म्हणून दादा ती कातरून उकिरड्यावर टाकायचा. आम्ही तिला साबण लावत नाही, नुसती झोडून धूळ काढतो, कारण अंगचा चिकटपणा गेला तर ती पाण्यानं जड होते. दादा पहिल्यांदा पोती घेऊन आला तेव्हा मी त्याला हौदापाशी नेलं, पाण्यावर गॅरेजातलं जळकं तेल ओतलं आणि मूठभर लोकर टाकली. तो उकिडवा बसून बघत राहिला आणि म्हणाला, "म्हंजी आता समुद्राला बी घोंगडं लागतं व्हय?" आम्ही दोघं हसलो. तुम्ही असता तर हसला नसता, लोकर उकिरड्यावर टाकली म्हणून आधी त्याला धरला असता.

तुमच्याबरोबर मी कोकणात शेवटची उतरले ती अजून अंगात आहे. दिवाळी झाली की नातेपुत्याकडून मेंढरं घेऊन आपण घाट उतरायचो. भात निघालेल्या खाचरात मेंढरं बसवायची, रात्रभर त्यांचं खत पडायचं, शेतकरी त्याच्या बदल्यात भात द्यायचा. दर संध्याकाळी नवं शेत आणि दर संध्याकाळी वाघर लावायची. खुंट्यांवर ताणलेली सुताची जाळी, मेंढरांभोवती कुंपणासारखी. एकदा एका खुंटीची गाठ मी सैल सोडली. सकाळी बघतो तर कोकरं कुणाच्या तरी वालाच्या शेतात. शेतकरी ओरडला, आई ओरडली. तुम्ही ओरडला नाहीत. माझं मनगट धरून सगळी वाघर फिरवलीत, खुंटीखुंटीपाशी थांबून जाळी हलवून बघायला लावलीत. "ताट हाय तितनं कुनी जात न्हाय. सैल हाय तितनंच समदं जातं," म्हणालात. मनगट दुखत होतं, पण ते सांगायची माझी टाप नव्हती.

त्याच फेरीत तुम्हाला ताप भरला. तुम्ही खाचराच्या बांधाला टेकून बसला आहात, समुद्र जवळच वाजतो आहे आणि तुम्ही आईला म्हणता आहात, मेंढरं उपाशी हायत, माझं बघू नगंस. मग तुम्ही जाता. शेतकरी भला माणूस, बांधाच्या कोपऱ्यात उंडीच्या झाडाखाली जागा देतो. तुम्हाला पुरतात, वर दगड रचतात, आणि ऊन चढायच्या आत आपली मेंढरं पुढच्या शेताला लागतात. मेंढरांना सुतक कुठलं. आई पुढं, दादा मागं, मी घोड्यावर, मांडीत दोन कोकरं. कुणी रडत नाही. मेंढरं हाकताना रडता येत नाही, हाळी द्यायला गळा लागतो. त्या दिवशी जे आत राहिलं ते राहिलंच. पुढच्या वर्षापासून तिथनं जाताना प्रत्येकानं एकेक दगड तुमच्यावर ठेवायचा अशी रीत आईनं धरली. मी मात्र नव्हते, मला तिनं सोलापूरच्या वसतिगृहात घातलं होतं. नंतर दादानं घाट उतरणं सोडलं आणि दगड ठेवायला कुणी उरलं नाही. म्हणून यावेळी निघताना आईनं फोनवर बजावलं, "उंडीचं झाड बग. बांदाच्या कोपऱ्यात. दगुड ठिवल्याबिगर येऊ नगंस."

गावाचं नाव तेच होतं. किनाऱ्यावर पोचायच्या आधी वास आला, डांबराचा रस्ता नवा असताना येतो तसा. वाळू काळी, होड्या काळ्या, खेकड्यांच्या पाठी काळ्या. काम कसं चालतं ते तुम्हाला आवडलं असतं. लांब पाण्यात नारिंगी रंगाचं तरंगतं कुंपण, त्याला खाली पाण्यात लोंबणारा पडदा. दोन होड्या त्याची टोकं धरून हळूहळू ओढतात, म्हणजे तेल मधल्या पोटात गोळा होतं, आणि तिथून यंत्र वरचा जाड थर चाटून घेतं. तरी काही निसटतंच. निसटलेलं किनाऱ्याजवळ अडवायला माझ्या वळकट्या, एकीला एक बांधून. आणि जे वाळूवर चढलं ते गावातल्या बायका फावड्यानं खरवडून घमेल्यांतून नेणार, भरतीच्या वर प्लास्टिक अंथरलेल्या एका खड्ड्यात टाकणार, मग गाड्या ते पुढं नेणार. खड्ड्याची जागा ठरवायला एक तरुण इंजिनिअर होता. त्यानं बोट केलं ते एका झाडाकडं. "तिथं मोकळं आहे, जवळही आहे," म्हणाला. झाड उंडीचं होतं.

"तिथं नको," मी म्हणाले.

"का मॅडम?"

"उधाणाचं पाणी तिथवर येईल. खड्डा भरला तर सगळं परत समुद्रात जाईल."

कारण चांगलं होतं. खरं होतं का, ते मला माहीत नव्हतं. तुमच्या छातीवर फावडी चालणार, वरून तेलाची वाळू पडणार, एवढंच मला दिसत होतं, आणि ते दिसूनही छातीत धडधड वगैरे काही झाली नाही. तो पोरगा भला, त्यानं खड्डा वर रस्त्याकडेला घेतला. बायकांचं चालणं दुप्पट झालं. उन्हात डोक्यावर घमेली घेऊन त्या माझ्यासमोरून जात होत्या आणि मी वळकट्यांच्या गाठी तपासत मान खाली घालून बसले होते. संध्याकाळी झाडाखाली जाऊन दगड शोधले. एकही नव्हता. वाटलं, कुणी बांधकामाला नेले असतील.

एकदा जेवायच्या वेळी त्यांच्यातली एक म्हातारी माझ्याशेजारी येऊन बसली आणि हातावरचं डांबर खोबरेल चोळून काढू लागली. "खड्डा येवडा लांब कोनी सांगितलान?" तिनं विचारलं.

"मी."

"का गो?"

तिला काहीतरी थाप मारता आली असती. पण तिच्या पायाला फोड आले होते. मी सांगितलं, माझे वडील त्या झाडाखाली आहेत, धनगर होते, मेंढरं घेऊन आले होते. ती रागावली नाही. बोटं चोळत राहिली.

"तो व्हय? माज्या सासऱ्यानं दिल्लान ती जागा," ती म्हणाली. "पन तो थंय नाय गो. ही उंडी आमी मागाहून लावली. जुनी पडली, बांद पन गेला. दर्यानं खाल्लान." तेलानं ओलं झालेलं बोट तिनं पाण्याकडं केलं. "तुजं ता काळा लोळताय ना, तेच्या खाली."

मी बघितलं. माझीच वळकटी होती, शेवटची, दादाच्या पोत्यांतली. खड्डा एव्हाना निम्मा भरला होता, तो काही आता जवळ आणता येत नव्हता. मी म्हातारीला एवढंच म्हणाले, तुम्हाला उगाच चालवलं. तिनं खोबरेलाची बाटली माझ्याकडं सरकवली, माझे हातही काळेच होते.

दुपारी पाणी फिरलं आणि त्याच वळकटीची दोन्ही टोकं सुटून मधे गोळा झाली. टोकं धरून ठेवायला लावतात ते लोखंडी नांगर संपले होते. मी कमरेएवढ्या पाण्यात उतरले. एका कोळ्यानं जाळ्याच्या तुकड्यांत दोन दगड बांधून दिले, ते टोकांना अडकवून मी खाली सोडले आणि वळकटी ओढून ताठ केली. मग खुंटीखुंटीपाशी थांबल्यासारखी गाठीगाठीपाशी थांबून हलवून बघितली. तुम्ही खाली होतात, किंवा इतक्या वर्षांत लाटांनी कुठं कुठं नेलं असेल. मी मात्र लोकर बुडत नाही ना, एवढंच बघत होते. ती बुडली नाही. पलीकडं काळं, अलीकडं स्वच्छ पाणी, आणि मला काम नीट झाल्याचं समाधान वाटलं. रडू येईल म्हणून थोडी थांबलेही. आलं नाही. पुढं ती वळकटी तेल पिऊन जड झाली, बाहेर काढली, काळ्या पिशवीत घातली आणि बाकीच्या घाणीबरोबर जाळायला गेली. त्या जागी दुसरी लावली. याचं वाईट वाटायला हवं हे मला कळतं आहे. कळतं आहे, वाटत नाही.

हे पत्र कुठं टाकायचं, सांगा. तुमच्या पत्त्यावर पाठवलं तर पोस्टमनला पोहत जावं लागेल. इथंच ठेवते, कपाटात, तुमच्या घोंगड्याच्या घडीत. त्यात डांबरगोळ्या आहेत, कसर लागणार नाही.

घरी आल्यावर आईला फोन केला होता. तिला आता कमी ऐकू येतं, मोठ्यानं बोलावं लागतं.

"जागा हाय का गं?"

"हाय."

"दगुड ठिवलास?"

"ठेवला."

"योकच?"

"दोन ठेवले, आई."

"लई बरं केलंस," ती म्हणाली, आणि फोन ठेवायच्या आधी दादाला मोठ्यानं सांगितलेलं मला ऐकू आलं, "दोन ठिवलं म्हंते, योक तुज्या नावाचा आसंल." वळकटीला दोन्ही टोकांना एकेक लागतो, हे मी तिला सांगितलं नाही.