हातमोज्याबाहेरचं बोट

मिलर्सफर्ड, ओहायो
मंगळवार, ५ मे १९५९

प्रिय लायल,

तुझं पत्र पोचलं. इकडे सर्व ठीक. तुम्ही उभयताही खुशाल असाल. थंडी सरल्यापासून एडिथचा गुडघा बरा आहे. घड्याळाचं दुकान चालतंय. ही विद्या मला कुणी शिकवली नाही, मोडक्या घड्याळांनीच शिकवली. पण माझ्या हाताखालून गेलेलं घड्याळ आठवड्याला अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त चुकत नाही.

तुमच्या गावातल्या बेसबॉलच्या मैदानाला तुझं नाव देताहेत, अभिनंदन. मी चेंडू टाकायचो आणि कॅचर म्हणून तू ते झेलायचास, तेव्हा तुझा जुना पिचर म्हणून मी समारंभात चार शब्द बोलावेत, असं तू लिहितोस.

मार्चमध्ये हर्शेल वोझनी दुकानात आला होता. मोठ्या लीगमधल्या माझ्या एकुलत्या एक सामन्यात समोरच्या संघाचा तिसरा फलंदाज. घड्याळ ठेवलं, माझ्याकडे बघितलं आणि हसायलाच लागला.

"अरे, तू तो बोलक्या बोटाचा ना?"

"कसलं बोट?"

"डाव्या हाताचं, हातमोज्याबाहेर ठेवायचास ते! वळणारा चेंडू टाकायचा असला की ताठ व्हायचं. आम्हाला आमंत्रणच की!"

"तुम्हाला कसं कळलं?"

"आता काय लपवतोस लेका! तुझ्या कॅचरनंच आदल्या दिवशी जेवताना सांगितलं. त्याला आमच्याकडे यायचं होतं ना."

त्याचं घड्याळ नीट करून दिलं. मग सामन्यांच्या नोंदींची माझी जुनी वही काढली. १४ जून १९३८: वळणारे चेंडू अकरा, त्यांतल्या एकावरही कुणी फसलं नाही. एकवीस वर्षं मी त्याचं कारण माझ्या खांद्यात शोधत होतो.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तू त्यांच्या संघात गेलास. तुला जागा हवी होती, तेवढं मला कळतं. मलाही हवी होती. पण त्या जूनमधल्या सामन्यानंतर तू बाकावर माझ्याशेजारी येऊन बसलास, पाठीवर हात ठेवलास आणि म्हणालास, "ऑर्व्हिल, बाबा रे, खांदा संपला तुझा. घरी जा." मी गेलो. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर भांडलो असतो. तू सांगितलंस म्हणून गेलो, आणि पुन्हा चेंडू हातात धरला नाही.

खांद्याला काहीही झालं नव्हतं, लायल.

समारंभाला मी येणार नाही. सोबतच्या खोक्यात माझा तो हातमोजा आहे. त्या बोटासाठी वरून चामड्याची टोपी शिवली आहे. टाके माझेच, इंचाला दहा. तुझ्या तसबिरीखाली तो लाव. लोक विचारतील, ही टोपी कशाला? माझे चार शब्द तेव्हा तूच बोल.

तुझ्या शब्दावर घरी आलेला,
ऑर्व्हिल टॅकेट