जाळीची खूण

मंगळवार पेठ, कोल्हापूर
१४ मे २०२५

चि. सौ. संयोगिता हिला,
आण्णाचा आशीर्वाद.

आम्ही सुखरूप पोचलो. फोन तू उचलत नाहीस, म्हणून लिहितोय. दाजींना गुडघ्याचा पट्टा झोपताना काढायला सांग.

शिरोलीच्या फौंड्रीत काम भरपूर आहे. तुमच्या रत्नागिरीच्या नव्या रस्त्यावर गटाराची झाकणं बसलीत, त्यांचे लाकडी साचे माझ्या हातचे. सातवी शिकलेल्या माणसाचं काम समुद्रापर्यंत पोचलं, म्हणून मी गाडी थांबवून बघत होतो, तर तुझा भाचा राजवीर म्हणतो, "आबा, झाकणं काय बघताय, समुद्र बघा की!"

त्या नादात तुझी गल्ली चुकलो. कुंपणाचे जांभ्याचे गडगे गेले, विहिरीवर स्लॅब पडला. टपरीवाल्याला तुझं घर विचारलं, तर म्हणाला, "कुठली विंग?" खालच्या गाड्यांत निम्म्या एमएच-०९. मासे खायला येणारे आमचेच लोक तिथं फ्लॅट घेऊन बसलेत.

तुझा फ्लॅट चांगला आहे. फरशीची एक ओळ बाथरूमपाशी चुकलीय, पण ते असू दे. पूर्वी तुझ्या घरातून समुद्र नुसता ऐकू यायचा. आता दिसतो, पण काच लावली की ऐकू येत नाही.

आता जेवणाचं.

दरवर्षी चटणीचा डबा घेऊन मी घाट उतरायचा आणि तुझे सुके बांगडे घेऊन चढायचा, असं तुझ्या लग्नापासून चाललंय. यंदाही तू पुडकं हातात दिलंस. मी ते तिथंच, वास्तुशांतीच्या पाहुण्यांसमोर उघडलं आणि म्हणालो, "हे तुझं न्हाय. तुझ्या बांगड्यावर जाळीची खूण असती. ह्याच्यावर सरळ रेघा हायत, मशिनच्या ट्रेच्या. भावाला फसवतीस व्हय?"

मी बरोबरच होतो. साच्याची खूण मला कळणार नाही तर कुणाला? तुझ्या जावेनं तोंडाला पदर लावला. तू आत गेलीस ती बाहेर आली नाहीस, आणि मी न जेवता उठलो.

दाजींचा काल फोन आला. वास येतो म्हणून सोसायटीनं गच्चीत मासे वाळवू दिले नाहीत, हे त्यांनी सांगितलं. दारापुढच्या खळ्यात तू जुनी जाळी पसरायचीस आणि कावळे हाकायला खुर्ची टाकून बसायचीस. ते खळं आता पार्किंग झालंय. आमची गाडी त्यातच लावली होती. मला कळायला हवं होतं. "आता कोल्हापूरला काही पाठवायचं न्हाई," असं तू म्हणालीस, तेही दाजींनी सांगितलं.

त्या दिवशी परत येताना आंबा घाटात राजवीरनं गाडी कडेला घेतली. म्हणाला, "आत्तीनं विकतचं दिलं म्हणजे काय इख दिलं व्हय? आणि आपली चटणी कुठली हाय, सांगू का तिला?"

तर मीच सांगतो. तुझी वहिनी गेल्यापासून घरात मिरच्या आल्या नाहीत. मला साचा जमतो, पण चटणी जमली नाही. दोनदा भाजायला घेतली, दोनदा करपली. दोन वर्षं झाली, पेठेतल्या दुकानातून किलोची पिशवी आणतो, वहिनीच्या डब्यात ओततो, वर तिच्यासारखाच चमच्यानं दाब देतो आणि तुझ्यापुढं ठेवतो.

वहिनीच्या हातची चव तू तीस वर्षं खाल्लीस. पहिल्याच घासाला तुला कळलं असणार. मागची दोन्ही वर्षं तू जेवलीस, बोट चाटलंस आणि म्हणालीस, "आण्णा, झकास झालीया की."

मला एवढं बारीक दिसतं, पण हे मात्र दिसलं नाही.

परवा गल्लीतला एकजण रत्नागिरीला निघालाय. त्याच्याकडं ही चिठ्ठी आणि चटणी देतोय. या खेपेला डब्यात ओतलेली नाही, दुकानाच्या पिशवीतच ठेवलीय. येताना तो तुझ्या दारावरून येईल. त्याच्या हाती बांगडे दे. कुठल्याही खुणेचे असू देत.

तुझ्या हातून येईल त्याची वाट बघणारा,
आण्णा