त्या वर्षी बी धरलं नाही

बाबा, गेले आठ दिवस मी तुमच्याशी मनातल्या मनात भांडते आहे, आणि मनातलं भांडण पुढे सरकत नाही म्हणून आज कागद घेऊन बसले. बसले म्हणजे काय, दोन ओळी झाल्या की उठते, गॅलरीत जाते, दोरीवरचे कपडे वाळलेत का ते उगाच चाचपून येते. तुम्ही गेलात तेव्हा जेवढे होतात त्याहून मी आता मोठी आहे. तरी वर उजव्या कोपऱ्यात तारीख घातली नाही तर तुम्ही रागवाल असं वाटतं. घातलेली नाही. रागवा.

झालं असं की सॉल्ट लेकमधून एका मुलीचा फोन आला. तिशीची असेल, बंगाली, वनस्पतिशास्त्र शिकलेली. सरकारी परवानगी काढून तिची छोटी संस्था गांजाची जुनी वाणं शोधते आहे. हो, गांजाचीच. मी क्षणभर इकडेतिकडे पाहिलं, जणू शाळेतल्या माझ्या वर्गातल्या मुली ऐकताहेत. ती मला माशीमा, म्हणजे मावशी, म्हणते. म्हणाली, "माशीमा, आता मिळतं ते सगळं संकरित, डोकं बधिर करणारं. जुनी माणसं ज्या वासाची आठवण काढतात तो वासच उरलेला नाही. सरहद्दीपलीकडच्या राजशाही जिल्ह्यातलं एक वाण होतं, फाळणीनंतर या बाजूला फक्त तुमच्या वडिलांच्या सरकारी प्रयोगशाळेत जिवंत होतं. ते का गेलं हे एका फायलीत सापडलंय." आणि तिने मला फोनवर तुमच्या अहवालाचा फोटो पाठवला. तुमच्या टाइपरायटरचं ते एक अक्षर, नेहमी ओळीच्या वर चढणारं, ते बघूनच मी खुर्चीत बसले. मग वाचलं. त्यात लिहिलंय की बियाण्यासाठी राखलेली नर झाडं रोजंदारीवरच्या पोद्दाराने जुन्या सवयीने उपटली, आणि त्यामुळे हे वाण नष्ट झालं.

पोद्दार म्हटलं की आजही मला माणूस दिसण्याआधी त्याचा अंगठा दिसतो. नखाच्या कडेला कायमची काळी रेघ. गांजाच्या शेतात झाडं पारखणाऱ्याला ते लोक पोद्दार म्हणायचे. मालासाठी हवीत मादी झाडं, आणि तीही बी न धरलेली. एक नर जरी फुलला तरी त्याचे पराग वाऱ्यावर जातात, सगळं शेत बी धरतं आणि पीक फुकट. म्हणून कळ्या उमलायच्या आत नर हुडकून काढायचा. एवढ्या एका नजरेवर त्याच्या घराण्याने पिढ्यान् पिढ्या भात खाल्ला होता. फाळणीनंतर तो या बाजूला आला तो धोतराच्या सोग्यात मूठभर बी बांधून, आणि तेच बी तुमच्या प्रयोगशाळेच्या मागच्या तारेच्या कुंपणात वाढत होतं. खिदिरपूरच्या गोदीत पकडलेला माल तुमच्याकडे तपासायला यायचा, तो कुठला हे ताडून बघायला तुम्हाला खात्रीचे नमुने लागायचे. दोन वाफे, कुलूप, आणि किल्ली आपल्या क्वार्टरमध्ये, देवाच्या फळीखालच्या खिळ्याला. आईला ते मुळीच आवडत नसे. तुम्ही वाफ्यातून आलात की ती दारातच मोहरीच्या तेलाची वाटी धरायची, चीक तेलानेच निघतो म्हणून. "हात चोळा आधी. आणि तो कोट बाहेर राहू दे. एवढी सेवा शंकराची केली असती तर एव्हाना प्रमोशन झालं असतं." तुम्ही हसत तेल चोळता आहात, फोडणीच्या वासात तो दुसरा वास मिसळतो आहे, आंब्याच्या मोहोरासारखा, थोडा ओल्या सुतळीसारखा. मला तो अजून येतो. त्या मुलीला वासाबद्दल मी फोनवर इतकं सांगितलं की ती म्हणाली, "थांबा थांबा, लिहून घेते."

शाळेत मात्र मी तुमचा वास लपवत असे. कॉन्व्हेंटमधल्या मुलींना कुठून कळलं कोण जाणे, पण डबा खाताना एक जण म्हणालीच, "हिच्या पोळीला हात लावू नका गं, झिंग येईल." सिस्टरनी वडील काय करतात असं विचारलं की मी 'केमिस्ट' म्हणून पटकन खाली बसायची. आणि तरीही रविवार उजाडला की मला त्या कुंपणाशीच जायचं असायचं, कारण तुम्ही तिथे असायचात. तुम्ही आणि तो. तो झाडाखाली उकिडवा बसून देठाच्या बगलेत नखाने हळूच पान बाजूला सारायचा आणि तुम्ही, एवढे ऑफिसर, त्याच्या शेजारी गुडघे टेकून. दोघांचं बोलणं संपायचं नाही. मी कुंपणाला नाक लावून शिकले. दोन पांढरे केस डोकावले तर मादी. गुळगुळीत, लोंबता, मिरीएवढा मणी असला तर नर. एकदा मी धीर करून ओरडले, "ते कोपऱ्यातलं नर आहे!" नव्हतं ते. पोद्दार मला खुकी म्हणायचा, पोरी म्हणावं तसं. तो हसला, "खुकी, तुझ्या नवऱ्याचं काही खरं नाही," आणि तुम्ही मात्र हसला नाहीत. "अंदाजाने बोलू नये. दिसलं तर सांग." एवढंच. त्या एका वाक्याने मी पुढचे कितीतरी रविवार डोळे फोडून बघत राहिले. तुम्ही त्याच्याकडे वळून पुन्हा बोलायला लागला होतात, हे तुमच्या लक्षातही नसेल.

मग ते वर्ष. भिंतीवर घोषणा, संध्याकाळी रस्ते रिकामे, दर आठवड्याला कसला ना कसला बंद. तुम्ही मीटिंगला दिल्लीला गेला होतात. जाताना म्हणालात, "वाफ्याला पाणी घालायला पोद्दार येईल, नाही आला तर तू घाल." बंदमुळे ट्रेन थांबल्या आणि जादवपूरपलीकडच्या त्याच्या कॉलनीतून त्याला येता येईना. शाळाही बंद. मी किल्ली घेतली. पहिल्यांदाच कुंपणाच्या आत, एकटी. पाणी घातलं, आणि मग उकिडवी बसून एकेक झाड बघायला लागले, अगदी त्याच्यासारखी. आणि बाबा, मला नर दिसले. एक नाही, नऊ. मणी फुगलेले, उद्यापरवा फुटतील असे. पोद्दाराच्या नजरेतून सुटले! म्हातारा झाला तो, चुकला, आणि मी पकडलं. अंदाज नव्हता, मला दिसलं होतं. तुम्ही परत याल, मी दाखवीन, आणि पुढच्या रविवारपासून तुमच्या शेजारी गुडघे टेकून मी बसेन.

त्या वर्षी बी धरायचं होतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं. जुनं बी उगवेनासं झालं होतं, होतं तेवढं सगळं त्या वर्षी पेरलं होतं आणि ते नऊ नर पोद्दाराने स्वतः निवडून राखले होते, हे मला नंतर, दाराआडून कळलं. आधीच्या वेळी बी धरलं तेव्हा मी फार लहान होते. मी पाहिलं होतं ते फक्त नर काढून टाकणं. म्हणून उपटले. मुळासकट, मातीही झटकली. आणि मग शाळेच्या प्रार्थनेला आम्हाला उभं करायचे तशी उंचीप्रमाणे ओळीत मांडून ठेवली, बुटकं आधी, उंच शेवटी, तुम्हाला एका नजरेत दिसावीत म्हणून.

तुम्ही आलात त्या सकाळी तोही आला होता. मी कुंपणाबाहेर उभी, शाबासकीसाठी तयार. तुम्ही ओळीकडे बघितलंत आणि तुमचा चेहरा असा झाला की माझं तोंड उघडलंच नाही. पोद्दाराने ओळ पाहिली, मग माझी बोटं. मी साबणाने घासली होती, तेलाने घासायचं सुचलं नव्हतं. तो बराच वेळ माझ्या बोटांकडे बघत होता. मग तुमच्याकडे वळून म्हणाला, "माझ्याच हातून झालं, बाबू. बंदच्या दिवशी चालत आलो होतो. हात जुना आहे, आपोआप चालतो." तुम्ही वळून ऑफिसकडे निघालात. मी बोलले नाही. आठवड्याभराने त्याचं येणं बंद झालं. उरलेल्या मादी झाडांवर बी धरलं नाही, ती वाळली, आणि सरहद्दीपलीकडून नवं बी आणण्याचे ते दिवसच नव्हते. आई म्हणाली, "बरं झालं, सुटलो." तुम्ही रविवारी वर्तमानपत्र वाचायला लागलात. मी शेजारी येऊन बसायची आणि तुम्ही पान उलटायचात.

एकदा तो मला भेटला होता, हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. मी कॉलेजात होते, एस्प्लनेडला फुटपाथवर तो झेंडूची रोपं विकत बसला होता. मी रस्ता ओलांडायला वळले तेवढ्यात त्याने हाक मारली, "खुकी ना? बाबू भालो आछेन तो?" तुम्ही बरे आहात ना, एवढंच त्याला विचारायचं होतं. मी म्हटलं, हो, बरे आहेत. त्याने दोन रोपं कागदात गुंडाळून हातात दिली. बसमध्ये मी ती सीटवर विसरले. विसरले असं म्हणते.

आता मुद्द्याचं, ज्यासाठी भांडते आहे. त्या मुलीला पोद्दाराचा नातू सापडला आहे. नदिया जिल्ह्यात असतो. सरहद्दीजवळच्या तळ्याकाठी रानटी वाढलेल्या झाडांत त्या वाणाचा अंश असेल असं तिला वाटतं, आणि ती झाडं पारखायला तिला त्याची मदत हवी आहे, त्या घरात नजर अजून आहे म्हणून. तो तयार होत नाही. म्हणाला, "आमच्या आजोबांच्याच हातून ते गेलं. आम्ही त्या झाडाला हात लावत नाही." ऐकताय ना? माझ्या नऊ झाडांची लाज ती माणसं तीन पिढ्या बाळगून आहेत. म्हणजे पोद्दाराने घरीसुद्धा खरं सांगितलं नाही. ते कळल्यापासून मला झोप नाही. आणि मग मी तुमचा अहवाल पुन्हा वाचला, नीट, तुम्ही शिकवलंत तसा. तुम्ही लिहिलंय, 'झाडे मुळासकट उपटून उंचीच्या क्रमाने मांडलेली आढळली.' बाबा, पोद्दार कधी मुळासकट उपटत नसे. तो बुंध्याशी मोडायचा आणि ताबडतोब गोणीत कोंबून लांब नेऊन पुरायचा, पराग उडू नयेत म्हणून. शेतात नर मांडून ठेवणं त्याच्या हातून स्वप्नातही झालं नसतं. हे मला अकराव्या वर्षी माहीत होतं, तर तुम्हाला माहीत नव्हतं? गेटवर येणाऱ्याजाणाऱ्याची नोंद असायची. पेन्सिल हरवली तरी नोंद मागणारे तुम्ही, त्या दिवशीचं रजिस्टर मागवलं नाहीत. तुम्हाला कळलं होतं. त्याने ते अंगावर घेतलं आणि तुम्ही घेऊ दिलंत, आणि मग शेजारी बसलेल्या माझ्याकडे वर्षभर बघितलं नाहीत. मला वाचवलंत म्हणून आभार मानू की काय करू, हे मला आठ दिवस कळत नाही आहे. मला एकदा जोरात रागवला असतात तर तो आपल्या जागी राहिला असता. मीही राहिले असते.

परवा ती मुलगी घरी आली. मी चहा ठेवला, तो उतू गेला, पुन्हा ठेवला. मग तिला सगळं सांगितलं, किल्लीपासून बोटांपर्यंत, आणि बसमधल्या झेंडूच्या रोपांचंही. ती लिहायची थांबली. म्हणाली, "माशीमा, तुम्ही अकरा वर्षांच्या होतात." मी म्हटलं, एस्प्लनेडला नव्हते. तिने विचारलं, नातवाला हे कळवलं तर चालेल? मी म्हटलं, मीच येते नदियाला, माझ्या तोंडून ऐकू दे. शनिवारी सकाळची ट्रेन आहे. भीती वाटते, पण पाय इतके दिवस घरात जे येरझारा घालताहेत त्यापेक्षा ते बरं. निघताना दारात चपला घालता घालता तिने सहज विचारलं, "तुमच्या वडिलांना कधी शंका आली नाही?" तिच्या हातात तुमचाच अहवाल होता, तेच पान वर. मी तुमच्याशी आठ दिवस भांडत होते, बाबा, सगळे मुद्दे तोंडपाठ होते.

मी म्हटलं, "नाही. त्यांना काहीच माहीत नव्हतं."