लयीत भरलेले कागद

३ मार्च, सकाळ
लेकीच्या संशोधनात मला काम मिळालं. विषय म्हाताऱ्यांचा एकटेपणा. आळीतल्या मंडळींनी भरलेल्या प्रश्नावल्यांमधून निष्काळजीपणे भरलेल्या बाजूला काढायच्या. जमलं तर दर आठवड्याला नवा गठ्ठा घेऊन ती स्वतः येणार. कामासाठीच, अर्थात. बाबा, झेपेल ना, म्हणाली. अगं, वर्गात कविता म्हणताना कोण नुसते ओठ हलवतंय, हे मी पाठमोरा उभा राहून ओळखायचो. जेवायच्या आत गठ्ठा संपवतो.

दुपार
गठ्ठा तसाच. पाचवीच्या पुस्तकातली नदीची कविता आठवत बसलो. शेवटचं कडवं येईना.

५ मार्च
पद्धत सापडली. उत्तरं मोठ्याने वाचायची. 'अजिबात नाही, अजिबात नाही, अजिबात नाही', वा! अस्सल वृत्त. असा कागद मन लावूनच भरलेला असणार. मध्येच 'नेहमी', मध्येच 'क्वचित' असं ठेचकाळणारे बाद. लोक वाचून भरतात की नाही हे बघायला लेकीने मध्ये 'इथे कधीकधीवर खूण करा' असा चकव्याचा प्रश्न घातलाय, शिवाय काही प्रश्न उलटे करून पुन्हा विचारलेत. या वयात माणसांची परीक्षा घ्यायची? मी तिकडे बघतच नाही.

६ मार्च
चैन नाही. दारापासून खिडकीपर्यंत येरझाऱ्या. शेजारचे पोस्टमास्तर डोकावले. त्यांना सांगितलं, तुमची उत्तरं लंगडतात. म्हणाले, मास्तर, गुडघाही लंगडतो, तोही बाद करून टाका.

८ मार्च
नमुना म्हणून माझाही कागद भरला. सगळीकडे 'अजिबात नाही'. मी आणि एकटा? एका दमात झाला. गठ्ठ्यात सर्वांत वर ठेवला.

१० मार्च
लेक आली. तिने उत्तरं कॉम्प्युटरवर चढवली, तर त्याने मी निवडलेले जवळजवळ सगळे कागद बाद केले आणि मी बाद केलेले ठेवून घेतले. सुरुवात माझ्यापासून. म्हटलं, यंत्राला वृत्तातलं काय कळतंय. ती हसली नाही. म्हणाली, बाबा, 'माझ्याशी रोज कोणीतरी मनमोकळं बोलतं', इथेही अजिबात नाही? वाचून लिहिलंत की न वाचता?
न वाचता, म्हणालो.
गठ्ठा घेऊन गेली. चहा अर्धा टाकून.

११ मार्च
काम गेलं. बरंच झालं, आता नदीच्या कवितेकडे नीट बघता येईल.
सकाळीच लेकीचा फोन. बरे आहात ना? म्हटलं, एकदम मजेत. मग हवापाणी, भाजी, दुखरा दात. आणि मध्येच, अगदी सहज, बाबा, घर खायला उठतं का हो?
कधीकधी, म्हणालो.