पेपरातली सुलोचना

माय, जयभीम.

मी इथं पुण्यात बरी आहो. वांगे तोडून झाले काय?

पेपरातला माहा लेख वाचून अर्धं नाचणगाव तुले पाहाले आलतं, असं दादा सांगत होता. सांगजो त्याइले, टीबी झालेली सुलोचना तू नाईस. पेशंटचं खरं नाव छापत नाई, दुसरं देतो. लिहिता लिहिता तुहंच सुचलं.

मले ऑफिसची कटकट नाई. खोलीवर बसून लेख लिहितो, पेपरले पाठवतो. दिवसभर बोलाले कोणी नसते, तेवढंच.

त्या बाईले पाहाले कोणीच येत नाई. लेख तर पहिल्याच दिवशी लिहून झालता. तरी मी रोज भेटीच्या वेळेले दवाखान्यात जातो, मास्क लावूनच. गेल्यागेल्या ती विचारते, "जेवलीस का गं?"

तुही,
आचल